‘मर्मर’: शब्द न कळणाऱ्या बारा गाण्यांविषयी

आर.ई.एम. या अमेरिकन बँडचा ‘मर्मर’ हा पहिला अल्बम १२ एप्रिल १९८३ रोजी बाजारात आला. वेष्टनावर गाण्यांची नावे होती, वाजवणाऱ्यांची नावे होती. गाण्यांचे शब्द मात्र नव्हते. पुढच्या अल्बमात नव्हते, त्याच्या पुढच्यातही नव्हते. १९८८च्या ‘ग्रीन’वर एका गाण्याचे शब्द छापले गेले, आणि सगळ्या गाण्यांचे शब्द पहिल्यांदा छापून आले ते १९९८ साली, ‘अप’ या अकराव्या अल्बमात. तोवर बँड जगभर पोहोचला होता आणि त्यांचा ड्रमर बिल बेरी हा सगळा पसारा सोडून शेती करायला निघूनही गेला होता.

शब्द छापले नाहीत, हे एक वेळ चालले असते. पण गाणारा मायकेल स्टाइप ते नीट उच्चारतही नव्हता. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन पोरांना ‘मर्मर’मधले निम्मे शब्द लागत नव्हते, तिथे आपली काय कथा! मराठी श्रोत्याची पहिली तक्रार हीच असते, आणि ती रास्त आहे. आपण भावगीतावर वाढलेली माणसे. शब्द स्वच्छ आले पाहिजेत, कवीचे नाव निवेदकाने सांगितले पाहिजे, आणि गायकाने जोडाक्षर खाल्ले तर घरी जाईपर्यंत त्याची चर्चा झाली पाहिजे. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या विषयावर पुस्तकच लिहिले, ते उगाच नाही. गंमत अशी की हाच श्रोता ख्यालाच्या मैफलीत बसला की निराळा होतो. विलंबित बंदिशीतले चार शब्द कळतात, बाकीचे कळत नाहीत, आणि त्याचे काही अडत नाही. स्वर कुठे ठेवला, कसा सोडला, एवढ्याकडे त्याचे ध्यान असते. ‘मर्मर’ ऐकताना हा दुसरा कान लावावा, असे माझे सांगणे आहे. रागसंगीताशी या गाण्यांचे काडीचे नाते नाही. पण ऐकण्याची जी सवय आपल्याकडे आधीच आहे, ती इथे कामाला येते.

या अल्बमविषयी इंग्रजीत चाळीस वर्षे जे लिहिले गेले, त्यात ‘धूसर’, ‘गूढ’, ‘स्वप्नाळू’ ही विशेषणे इतक्यांदा आली आहेत की ती आता घासून गुळगुळीत झाली आहेत. मला ती पटत नाहीत. ‘मर्मर’मध्ये धूसर आहेत ते फक्त शब्द. बाकी सगळे, म्हणजे ड्रम्सचा ठोका, बेसची चाल, गिटारची एकेक तार, दुसऱ्या आवाजाची साथ, आरशासारखे लख्ख आहे. ही गाणी आपोआप गूढ झालेली नाहीत. काय करायचे नाही हे चार पोरांनी नि दोन निर्मात्यांनी आधी ठरवले, आणि मग ते निगुतीने पाळले. पुढच्या पानांतली टिपणे याच अंगाने लिहिली आहेत.

जॉर्जिया राज्यातले अथेन्स हे विद्यापीठाचे गाव. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कलाशाळेच्या अवतीभवती तरुणांचा एक गोतावळा जमला होता. पार्ट्यांत नाचायला संगीत हवे, म्हणून त्यांनी आपापले बँड काढले. आधी ‘द बी-५२ज’ निघाला, मग ‘पायलॉन’. स्टाइप तिथे चित्रकला शिकत होता. वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक गल्ल्यावर बसायचा, आणि स्टाइप ज्या रेकॉर्डी उचलायचा त्या नेमक्या बकने स्वतःसाठी बाजूला काढलेल्या असायच्या. ओळख तिथली. माइक मिल्स आणि बिल बेरी हे मेकन गावातल्या शाळेपासूनचे जोडीदार. एक बेस वाजवणारा, दुसरा ड्रम्स. चौघांचा पहिला जाहीर कार्यक्रम ५ एप्रिल १९८० रोजी झाला, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, प्रार्थना बंद पडलेल्या सेंट मेरीज चर्चमध्ये. तेव्हा बँडला नावही नव्हते. ते पुढे शब्दकोश उघडून काढले.

चौघांत तयारीचे वादक दोनच, मिल्स आणि बेरी. बकचा हात गिटारवर नुकता बसू लागला होता. ही गोष्ट ‘मर्मर’ ऐकताना लक्षात ठेवावी. बकला झपाझप सोलो वाजवता येत नव्हते, आणि त्याला ते आवडतही नव्हते. तो स्वरमेळ एकदम झंकारण्याऐवजी त्यातल्या तारा एकामागून एक सुट्या छेडतो. रिकनबॅकर गिटारचा टणटणीत आवाज त्याला सोयीचा पडला. समीक्षकांना लगेच साठच्या दशकातले ‘द बर्ड्स’ आठवले, आणि ती तुलना बकच्या मानगुटीवर कायमची बसली. गिटार अशी विरळ झाली की सुरावट सांभाळायचे काम दुसऱ्या कुणावर तरी पडणार. ते मिल्सच्या बेसवर पडले. रॉकमध्ये बेसने खालून आधार द्यावा आणि गप्प राहावे, हा शिरस्ता. मिल्सचा बेस मात्र गात असतो. एकदा सबंध अल्बम फक्त बेसवर कान ठेवून ऐकून पाहा. बाराही गाणी ओळखू येतात.

पहिले सिंगल, ‘रेडिओ फ्री युरोप’, जुलै १९८१मध्ये हिब-टोन या चिमुकल्या कंपनीने काढले. पहिल्या खेपेला हजार प्रती. ध्वनिमुद्रण नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम इथे, निर्माता मिच ईस्टर याच्या आईवडिलांच्या गॅरेजात. मास्टरिंग बँडला पसंत पडले नाही, तरी न्यूयॉर्क टाइम्सने त्या वर्षीच्या दहा उत्तम सिंगल्समध्ये त्याची गणना केली. अशा रेकॉर्डी वाजायच्या कुठे, तर कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांवर. एफएमच्या पट्ट्यातली खालची टोकाची जागा अमेरिकेत बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलेली असते, आणि बऱ्याच विद्यापीठांची केंद्रे तिथे चालतात. जाहिरातदार नाही, म्हणून काय वाजवावे हे सांगणारा सल्लागारही नाही. मध्यरात्री एखादा विद्यार्थी जाऊन बसायचा आणि मनाला येईल ते लावायचा. पुढे ज्याला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ असे भारदस्त नाव मिळाले, त्याला तेव्हा नुसते ‘कॉलेज रॉक’ म्हणत. त्याचा सगळा व्यवहार या केंद्रांवर नि एका जुन्या व्हॅनवर चालत होता. गावोगावचे बार आणि पिझ्झाची दुकाने, जिथे कोपऱ्यात चार माणसे उभी राहू शकतील तिथे वाजवायचे आणि रात्रीतून पुढचे गाव गाठायचे.

१९८२मध्ये आय.आर.एस. रेकॉर्ड्सने बँडला करारबद्ध केले आणि ऑगस्टमध्ये ‘क्रॉनिक टाउन’ ही पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. पूर्ण अल्बमसाठी मात्र कंपनीला जाणता निर्माता हवा होता. स्टीफन हेग यांचे नाव सुचवले गेले, आणि चाचणी म्हणून ‘कॅटपल्ट’ हे गाणे करायचे ठरले. हा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण ‘मर्मर’ जसा आहे तसा होण्याला तोच कारण आहे.

हेग यांची पद्धत अचूकतेची होती. कानात यंत्राचा ठोका वाजत राहणार आणि ड्रमरने त्याच्या बरहुकूम वाजवायचे. जरा इकडेतिकडे झाले की पुन्हा पहिल्यापासून. त्या एका गाण्याचे एवढे टेक झाले की बेरी पार खचला. हा ड्रमर नाचणाऱ्या गर्दीपुढे तयार झालेला. गर्दी तापली की लय थोडी चढते आणि ती चढू द्यायची असते, हे त्याच्या अंगात मुरलेले. त्यावर कडी म्हणजे हेग टेप घेऊन बॉस्टनला गेले आणि बँडला न विचारता त्यांनी गाण्यावर कीबोर्डचे थर चढवले. चौघांनी ते ऐकले आणि कंपनीला सांगितले, आम्हाला मिच ईस्टर हवा. हेग यांच्यावर अन्याय नको. पुढे न्यू ऑर्डर आणि पेट शॉप बॉइज यांच्याबरोबर त्यांनी जे काम केले, ते त्यांच्या पद्धतीचेच फळ आहे. ती पद्धत या चौघांना मानवली नाही, इतकेच.

कंपनीने ईस्टरलाही थेट होकार दिला नाही. त्याचीही चाचणी झाली, ‘पिल्ग्रिमेज’ या गाण्यावर. त्याने डॉन डिक्सनला सोबत घेतले, आणि १९८३च्या जानेवारी-फेब्रुवारीत शार्लट शहरातल्या रिफ्लेक्शन साउंड स्टुडिओत काम झाले. स्टुडिओची मुख्य कमाई गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिसंगीताची. हेग प्रकरणामुळे बँड दुधाने तोंड पोळल्यासारखा झाला होता. सिंथेसायझर नको, गिटारचा सोलो नको, त्या वर्षी जे फॅशनमध्ये असेल ते नको. या नकारांच्या कुंपणातून दोघा निर्मात्यांनी मोठ्या चतुराईने वाटा काढल्या. विजेच्या गिटारखाली साध्या गिटारचे थर अशा बेताने घातले की ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण काढून टाकले तर गाणे पोकळ वाटेल. ‘टॉक अबाउट द पॅशन’मध्ये चेलो आहे. ‘परफेक्ट सर्कल’मध्ये दोन पियानो आहेत, एक जुना उभा, थोडा बेसूर, आणि एक ग्रँड. बेरी आणि मिल्स यांनी दोन्हींवर एकच सुरावट एकाच वेळी वाजवली. दोन पियानोंच्या सुरांत जो किंचित फरक पडतो, त्याने त्या गाण्याला एक कंप आला आहे. हे गाणे मुळात बेरीचे, ड्रमरचे. पण श्रेय मात्र चौघांच्या नावावर. सगळी गाणी सगळ्यांची, हा यांचा पहिल्यापासूनचा नियम. पैशावरून फुटलेले बँड पाहिले की या नियमाची किंमत कळते.

‘रेडिओ फ्री युरोप’ कंपनीच्या आग्रहाखातर इथे नव्याने मुद्रित केले. सुरुवातीला एक घरघर ऐकू येते, रेडिओवर केंद्र लावताना मध्येच यावी तशी. ती स्टुडिओतल्या यंत्रणेचीच घरघर. ईस्टर आणि डिक्सन यांनी ती मुद्रित केली आणि मिल्सच्या बेसच्या ठोक्यानुसार उघडझाप करायला लावली. मग बेरीचे ड्रम्स येतात आणि गाणे एकदम उभे राहते. ‘वुई वॉक’मध्ये मागे दूरवर ढग गडगडल्यासारखे होते. तो आवाज बिलियर्डच्या चेंडूंचा आहे. स्टुडिओत बेरी खेळत होता, तो आवाज टिपून घेतला आणि वेग उतरवून गाण्याखाली अंथरला.

आणि स्टाइप? तो स्टुडिओच्या दालनात गायलाच नाही. बाजूच्या जिन्यात, अंधारात, कुणी पाहत नाही अशा जागी उभा राहून गायला. आवाज त्या जिन्यातूनच आल्यासारखा वाटतो, आणि मिश्रण करताना तो वाद्यांच्या पुढे न आणता त्यांच्यात बसवला आहे. ‘रेडिओ फ्री युरोप’चे शब्द कुणाला कळू नयेत असे आपल्याला मुद्दामच वाटत होते, कारण तोवर ते लिहूनच झाले नव्हते, असे त्याने पुढे सांगून टाकले. हे ऐकून काही जण चिडतात, फसवणूक झाल्यासारखे बोलतात. त्यांनी पुढच्या वर्षीचा एक किस्सा लक्षात घ्यावा. ‘रेकनिंग’ या दुसऱ्या अल्बमच्या वेळी त्याच जिन्यात स्टाइपचा आवाज लागेना. डिक्सनने तिथेच पडलेली एक गॉस्पेलची रेकॉर्ड त्याच्या हाती दिली. स्टाइपने तिच्या पाठीवरचा मजकूर, म्हणजे गायकांची तारीफ, निर्मात्याचे नाव वगैरे, जसाच्या तसा गाण्याच्या चालीवर गाऊन टाकला. ते मुद्रण ‘व्हॉइस ऑफ हॅरल्ड’ या नावाने जपले गेले आणि १९८७च्या संकलनात आलेही. ऐकून पाहावे. जाहिरातीचा मजकूर गातानाही या माणसाचा आवाज काळजाला हात घालतो. आशय कुठून येतो, याचे उत्तर त्या मुद्रणात आहे.

तरीही शब्द निव्वळ बडबड आहेत असे समजू नये. ‘टॉक अबाउट द पॅशन’ भुकेविषयी आहे. श्रद्धा आणि कळवळा यांच्या गप्पा मारणारे उपाशी माणसाला काय देतात, असा त्याचा रोख, आणि त्यात एक फ्रेंच प्रश्न पुनःपुन्हा येतो. ‘लाफिंग’मध्ये लाओकून येतो, सापांच्या विळख्यात मुलांसह सापडलेला ट्रॉयचा पुरोहित. ‘वेस्ट ऑफ द फील्ड्स’मध्ये मृतांच्या लोकातली ग्रीक कुरणे आहेत. विषय असे जड, आणि स्टाइप ते पुटपुटतो. बुलंद आवाजात कोणी गायले असते तर त्याची नाटकी पोपटपंची झाली असती. ‘९-९’मध्ये मात्र तो इतका भराभर पुटपुटतो की तिथे मीही हात टेकतो. त्या गाण्याची तुटक, टोकदार गिटार ‘गँग ऑफ फोर’ या इंग्लिश बँडकडून उसनी घेतल्यासारखी वाटते. बाराही गाणी सारख्या तोलाची आहेत, असे भक्तगण म्हणोत. मी म्हणणार नाही.

वेष्टनाबद्दल दोन शब्द. पुढच्या बाजूला कुड्झू नावाच्या वेलीने गिळलेल्या जमिनीचा फोटो आहे. ही वेल मूळची जपानची. १८७६च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात ती अमेरिकेत आली. १९३०च्या दशकात जमिनीची धूप थांबावी म्हणून सरकारनेच दक्षिणेत तिची लागवड करवली, आणि मग ती कुणाला आवरेना. झाडे, खांब, पडकी घरे, सगळ्यांवर पसरून ती त्यांचा नुसता आकार शिल्लक ठेवते. अमेरिकेच्या दक्षिण भागाबद्दल बाहेर जी चित्रे रूढ होती, त्यातले काहीच इथे नाही, आणि तरी जॉर्जियाच्या माणसाला आपले गाव एका नजरेत ओळखू येते. मागच्या बाजूला अथेन्समधलाच लाकडी रेल्वेपूल आहे. रेल्वे बंद पडल्यावर तो पाडायचे घाटत होते, तेव्हा चाहत्यांनी ओरड केली. अखेर सडलेले लाकूड उतरवून त्याच जागी पायी नि सायकलने जाणाऱ्यांसाठी नवा पूल झाला.

रोलिंग स्टोनच्या समीक्षकांनी १९८३चा सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ निवडला. त्या वर्षी शर्यतीत मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’, पोलिसचा ‘सिंक्रोनिसिटी’ आणि यू-टूचा ‘वॉर’ होते. विक्री मात्र दोन लाखांच्या आसपासच झाली. बिलबोर्डच्या यादीत तो ३६व्या क्रमांकापर्यंत चढला, आणि कंपनीचा विरस झाला. ऑगस्टमध्ये पोलिसच्या दौऱ्यात शे स्टेडियमसारख्या अवाढव्य मैदानांवर आधी वाजवायची संधी मिळाली, ती चौघांना नकोशी झाली. ऑक्टोबरमध्ये डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा टीव्हीवर दिसले. एक गाणे झाल्यावर लेटरमन गप्पा मारायला आला, तर स्टाइप मागे ड्रम्सच्या चौथऱ्यावर जाऊन बसला आणि बोलायचे काम बक नि मिल्स यांनी केले. मग त्यांनी एक नवे, अजून नाव न ठेवलेले गाणे वाजवले. पुढे ते ‘सो. सेंट्रल रेन’ झाले.

आपल्याकडे आर.ई.एम. माहीत झाला तो १९९१नंतर, घरांत उपग्रह वाहिन्या आल्यावर, ‘लूझिंग माय रिलिजन’च्या व्हिडिओमुळे. तो व्हिडिओ दिग्दर्शित केला जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी, आणि त्या वर्षी एमटीव्हीचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. म्हणजे आपण या बँडला मधूनच भेटलो, मँडोलिन वाजवणारा, मोठा झालेला, शब्द स्पष्ट गाणारा बँड म्हणून. तिथून मागे ‘मर्मर’कडे गेलेल्या श्रोत्याला तो अपुरा, कच्चा वाटू शकतो. अशा श्रोत्याने २००८ साली निघालेली पंचविशीची आवृत्ती मिळवावी. तिच्यात ९ जुलै १९८३ची टोरोंटोतल्या लॅरीज हाइडअवेमधली मैफल जोडली आहे. तिथे हीच गाणी दीडपट आवेशाने, घामाघूम होऊन वाजवलेली ऐकू येतात. लोकांना नाचवणे या पोरांच्या हातचा मळ होता. मग अल्बममध्ये त्यांनी तो आवेश आवरला, हे हिशेबाने केले होते, याबद्दल शंका राहत नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये अभिनेता मायकेल शॅनन आणि गिटारवादक जेसन नार्डुसी हे ‘मर्मर’ सबंध वाजवत अमेरिकेत फिरत होते. अथेन्समधल्या ४० वॉट क्लबमध्ये त्यांचा मुक्काम पडला, तेव्हा २०११मध्ये बरखास्त झालेल्या बँडचे चौघेही मंचावर आले. जुन्या अल्बमांचे असे सोहळे हल्ली ऊठसूट होतात आणि बहुतेकदा ते तिकिटांसाठी असतात. पण शॅननसारख्या नटाला ही गाणी गावीशी वाटावीत, याचे मला नवल वाटले नाही. शब्दांच्या अर्थाखेरीज आवाजात काय उरते, हा नटाच्याही रोजच्या कामाचा भाग आहे.

पुढील बारा टिपणे रेकॉर्डच्या क्रमाने नाहीत. ‘परफेक्ट सर्कल’ पहिले घेतले आहे, कारण नव्या कानाला ते सर्वांत आधी लागते, आणि ‘रेडिओ फ्री युरोप’ चौथे. हिब-टोनचे मूळ मुद्रण आणि अल्बमवरचे मुद्रण यांची तुलना तिथे सापडेल. माझे मत मूळ मुद्रणाकडे झुकते, त्यातली घाई मला अल्बमवर सापडत नाही. ‘वुई वॉक’वर मी फारसे लिहिलेले नाही, बिलियर्डचा किस्सा सोडला तर त्यात मला विशेष काही दिसत नाही. कुठल्याही टिपणात गाण्याचे शब्द किंवा त्यांचे अनुवाद दिलेले नाहीत. इंटरनेटवर त्यांचे नाना पाठ सापडतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. ज्याला हौस असेल त्याने ते जरूर पडताळावेत, पण सगळी गाणी निदान दोनदा ऐकून झाल्यावर.